सुप्याचे दंगे आणि दारातला बेलिफ

पुण्याहून नगरला जाताना सुपं लागतं. एमआयडीसी, धाबे, ट्रकांच्या रांगा. मी दर वेळी गाडीतल्या मंडळींना ऐकवायचो, "१८७५ चे दख्खनचे दंगे इथनंच सुरू झाले बरं का!" बरीच वर्षं हे ज्ञान वाटल्यावर कळलं की ते सुपं हे नव्हेच. ते पुणे जिल्ह्यातलं, आजच्या बारामती तालुक्यातलं. असो. पण आपलं पारनेरही सुटलं नव्हतं. १२ मे १८७५ ला तिकडे, बाजाराच्या दिवशी, ठिणगी पडली आणि थोड्याच दिवसांत पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत या तालुक्यांत लोण आलं.

गंमत अशी की जमावाला सावकाराचा जीव नको होता, कागद हवे होते. खतं, रोखे, हुकूमनामे. मिळाले की होळी, आणि बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर लोक घरी. तरी दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा.

कागदावर एवढा राग का? अमेरिकेतलं यादवी युद्ध (१८६१-६५) चालू होतं तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि कर्ज सहज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, वर शेतसारा वाढला. सारा भरायचा रोख आणि ठरल्या तारखेला, म्हणजे पुन्हा सावकार. त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांत करायचा. हेतू होता ऋणकोला वाचवायचा. झालं उलटंच! सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिसळून नवीन खत करून घेऊ लागला. अंगठा दिला की जुना हिशोब पुसला.

मग दिवाणी दावा. कोर्ट लांब, हातात पैसे नाहीत, हजर कोण राहणार? एकतर्फी हुकूमनामा, जप्ती, नाहीतर कर्जापायी दिवाणी तुरुंग. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी काळूराम नावाच्या सावकारानं हुकूमनाम्याच्या जोरावर बाबासाहेब देशमुखांचं घर पाडलं. गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हावी नाही, पाणी भरायला कोणी नाही. दंग्यांची सुरुवात खरी तिथं.

सरकारनं चौकशी कमिशन नेमलं आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता. यातली एक तरतूद मला भारी आवडते. न्यायाधीशानं शेवटचं खत खरं मानायचं नाही, व्यवहाराची सगळी हिस्टरी पहिल्या नोंदीपासून तपासायची. आम्ही बग शोधताना अगदी हेच करतो. शिवाय पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक बंद, फेड हप्त्यांनी, गावोगावी तडजोड करणारे सलोखेदार. न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

सगळं छान झालं का? नाही. सावकारांनीही पळवाट काढली. कर्जखताऐवजी सरळ जमिनीचं खरेदीखतच लिहून घ्यायला लागले!

हे सगळं परत आठवायचं कारण वेगळंच. एका मित्राला क्रेडिट कार्डाच्या वसुलीवाल्याचा फोन आला, "उद्या जप्ती घेऊन येतो." मित्र दोन रात्री झोपला नाही. मी त्याला एवढंच सांगितलं. वसुलीवाला म्हणजे बेलिफ नव्हे. बेलिफ कोर्टाचा माणूस, तो वॉरंट घेऊन येतो आणि ते वाचायला मागायचा आपला हक्क आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं जप्त होत नाहीत. पगाराचाही काही भाग सुटतो. ऐपतच नाही म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये म्हटलंय. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारावं. महिलांना आणि कमी उत्पन्नवाल्यांना तिथं फुकट वकील मिळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, समन्स आलं तर घाबरून कपाटात टाकू नकोस, तारखेला हजर राहा. पारनेर-श्रीगोंद्याचा शेतकरी हरला तो बहुतेकदा तिथंच, गैरहजेरीत. त्याला कोर्ट लांब होतं. आपल्याला तेवढं लांब नाही.