सस्पेन्स खाते

बँकेत ‘सस्पेन्स’ नावाचे एक खाते असते. नाव ऐकून बाहेरच्या माणसाला त्यात एखादा खून आणि निदान एक गूढ बाई असावी असे वाटते. प्रत्यक्षात, कुणाचे साडेतीनशे रुपये कुठून आले याचा पत्ता लागला नाही की ते आम्ही त्या खात्यात ढकलतो आणि घरी जातो. पुढे कधीतरी जुने व्हाउचर सापडते, नोंद जुळते आणि रहस्याचा निकाल लागतो. वीस वर्षे हेच करीत आल्यामुळे जगातली विचित्र बातमी वाचली की माझा हात आपोआप त्या खात्याकडे वळतो.

आमच्या घरीही असे एक खाते आहे. त्यातली जुनी नोंद अण्णांच्या काळातली, स्कायलॅबची. ७७ टनांचे ते धूड ११ जुलै १९७९ च्या रात्री नेमके आपल्याच घरावर पडणार, अशी त्या वेळी देशातल्या प्रत्येक माणसाची खात्री होती. ते पडले हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. तिथल्या एस्परन्स गावाने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड ठोठावला! नोंद जुळली. दुसरी जून २०२० ची. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे पाणी अचानक गुलाबी झाले आणि टाळेबंदीतही आमच्या काउंटरवर मास्कआडून त्याचीच चर्चा. शास्त्रज्ञांनी पाणी तपासले, तेव्हा खारटपणा वाढल्यावर फोफावणारे सूक्ष्म जीव त्यात निघाले. तीही नोंद जुळली.

राहिली ती २१ सप्टेंबर १९९५ ची.

त्या दिवशी गुरुवार होता. मी दहावीत. पितृपंधरवडा चालू होता. गणपती विसर्जनाला पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते, म्हणजे देव नुकतेच आपल्याकडचा पाहुणचार आटोपून गेलेले. आमच्याकडे आजोबांचे श्राद्ध होते, म्हणून शाळेला रजा. खिरीचे दोन लिटर दूध सकाळीच येऊन पडले होते. अशात जालन्याहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने स्टँडवर जाहीर केले, की गणपती दूध पितोय.

दिल्लीतल्या एका देवळात पहाटे सुरुवात झाली म्हणतात. दुपारपर्यंत गणपती देशभर पिऊ लागला आणि दिवस मावळायच्या आत लंडनजवळच्या साउथॉलमध्ये रांगा लागल्या. आता लक्षात घ्या, देशातला पहिला मोबाइल कॉल ज्योती बसूंनी सुखराम यांना केला तो ३१ जुलैला, म्हणजे अवघ्या बावन्न दिवसांपूर्वी. लोकांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्टला, तेही मोठ्या शहरांत. पूर्णा-केळनेच्या काठच्या आमच्या जाफराबादेत पिवळ्या पाटीच्या एस.टी.डी. बूथवर ‘हॅलो, हॅलो’ करण्यातच माणसाचे निम्मे पैसे खर्च होत. तरी बातमी एका दिवसात पोचली. आज सगळ्यांच्या खिशात फोन आहेत, पण आमच्या शाखेची वेळ बदलली तर गावाला ती महिनाभर कळत नाही.

आजीने पातेले उचलले. आई “अहो सासूबाई, खीर…” एवढेच म्हणू शकली. मी मागोमाग. रांग देवळाबाहेर, कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात बाळाची बाटलीसुद्धा. तासाभराने आमचा नंबर लागला. आजीने चमचा सोंडेला लावला आणि डोळे मिटले. चमचा खरोखर रिकामा झाला! पण माझे डोळे उघडे होते, आणि सोंडेवरून पोटावर, पोटावरून पाटावर उतरलेली पांढरी धार मला दिसली. आजीने आणखी दहा चमचे पाजले, उरलेले दूध मागच्या रांगेतल्या रिकाम्या तांब्यांत वाटले आणि पावशेर घरी आणले. त्यात खीर झाली. कावळ्याने तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी ठिकठिकाणचे गणपती प्यायचे थांबले आणि आमचे विज्ञानाचे सर सुरू झाले. चमचा काठोकाठ भरलेला असतो. ओल्या दगडाला त्याचा काठ लागला की पृष्ठताणाने दूध दगडाकडे ओढले जाते, पातळ थर होऊन त्यावर पसरते आणि खाली ओघळते. पांढऱ्या संगमरवरावर पांढरे दूध दिसणार कसे? दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून पाजले, तेव्हा रंगीत ओघळ सगळ्यांनी पाहिले. पुढे मी कॉमर्सला गेलो, त्यामुळे पृष्ठताण हा माझ्या आयुष्यातला शेवटचा समजलेला विज्ञानाचा धडा.

घरी आल्याबरोबर पाट्यावरचा वरवंटा धुतला, उभा केला आणि आजीला बोलावले. दूध वरवंट्यानेही पिऊन टाकले. “बघ आजी! देव नाही न् काही नाही. सगळं खाली ओघळतं. तुमची खीर उगाच गेली.”

आजी वरवंट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “ओघळतंय ते मला काल दिसत होतं की, लेकरा. तुझ्या आजोबांना शेवटचे आठ दिवस मी असंच चमच्यानं दूध पाजत होते. निम्म्याच्या वर ओठावरून खाली यायचं. पदरानं टिपायचे आन् पुन्हा चमचा भरायचे.”

मला त्यावर काही सुचले नाही. मी उरलेले दूध पिऊन टाकले आणि अभ्यासाला बसलो. पहिला चमचा कुणी लावला हे अजून कुणाला ठरवता आलेले नाही. आमच्या घरापुरती ती नोंद मी सस्पेन्समध्येच ठेवली आहे, आणि जुने व्हाउचर शोधायच्या भानगडीत पडलेलो नाही.

संध्याकाळी आई स्वयंपाकघरातून ओरडली, “वरवंट्याला दूध कुणी फासलंय? मुंग्या लागल्यात सगळ्या!”

आजी म्हणाली, “तहान लागली होती त्याला.”