ढोल-बासरीवादन, मेळघाटातील

ढोल व बांबूची बासरी यांच्या मेळावर आधारलेले समूहवादन. अमरावती जिल्ह्याच्या धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत, म्हणजे सातपुड्याच्या गाविलगड रांगांत, कोरकू व ठाट्या या समाजांमध्ये ते रूढ आहे. वऱ्हाडचे मेळघाट, पयानघाट आणि बालाघाट असे तीन नैसर्गिक विभाग मानले जातात. पयानघाटातील अकोला-अमरावतीच्या काळ्या मातीच्या पट्ट्यात सणासमारंभांतील वाद्ये म्हणजे डफडे, ताशा, संबळ व सनई. तेथे बासरी ढोलाच्या जोडीने क्वचितच ऐकू येते. घाट चढून वर गेल्यावर मात्र हीच जोडी प्रमुख ठरते. हा फरक केवळ आवडीनिवडीचा नसून उपजीविकेचा आहे. खालचा प्रदेश कापूस-ज्वारीच्या शेतीचा, तर वरचा जंगलाचा आणि गुरचराईचा.

ही दोन वाद्ये एकत्र येण्यास ध्वनीचे साधे कारण आहे. ढोलाचा नाद खर्जाचा व घुमणारा, तर बासरीचा स्वर उंच व टोकदार असतो. त्यामुळे उघड्या मैदानात, शेकडो पावलांच्या आवाजातही एकाने दुसऱ्याला झाकोळून टाकले असे होत नाही. हलक्या लाकडाचे खोड आतून कोरून व दोन्ही तोंडांवर कातडे ताणून ढोल तयार करतात. बासरीच्या बाबतीत बांबूची निवड महत्त्वाची असते. मेळघाटात मुख्यत्वे मानवेल जातीचा बांबू वाढतो. कोरड्या उतारावर त्याची काठी जवळजवळ भरीव होते, तर नाल्याकाठच्या ओलाव्यात ती पोकळ राहते. म्हणून बासरीची काठी हेरणारा माणूस जंगल जाणणारा असावा लागतो, आणि असा माणूस म्हणजे अर्थातच गुराखी.

कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई भाषाकुलाच्या मुंडा शाखेतील भाषा. तीत नृत्याला ‘सुसून’ म्हणतात. गादली-सुसून आणि थापटी हे कोरकूंचे प्रसिद्ध नृत्यप्रकार होत. थापटीमध्ये स्त्रियांच्या हाती चिटकोरा हे लाकडी तालवाद्य असते. ढोलकाचा ठेका व बासरीची धून यांवर नर्तकांच्या रांगा गोलाकार फिरतात. होळीनंतरच्या फगव्याच्या दिवसांत हा नाच गावोगाव चालतो. यात वादक आणि श्रोते असा भेद नसतो. वादक रिंगणातच असतो व ताल बदलण्याचा इशारा तो पायांनी देतो.

ठाट्या हे गुरे राखणारे लोक. कोरकू गावांची गुरे वर्षभर चारून आणण्याचा मोबदला त्यांना बहुधा धान्यरूपाने मिळत असे. त्यांचा मुख्य सण दिवाळी. दिवाळीनंतरच्या आठवडी बाजारात ठाट्यांचे मेळे रंगीत पोशाखात, घुंगरू बांधून, ढोल आणि ‘भुगडू’ नावाची लांब बासरी वाजवीत नाचतात व दुकानदारांकडून आणि गावकऱ्यांकडून दिवाळीची भेट घेतात. यावरून त्या बाजाराला ‘घुंगरू बाजार’ असे नाव पडले आहे. बाहेरून पाहणाऱ्यास हे मागणे भिक्षेसारखे वाटते, पण तसे समजणे चूक आहे. गुराख्याने आपल्या वर्षभराच्या कामाची सर्वांसमक्ष करून दिलेली ती आठवण असते. पूर्व विदर्भातील गोवारी समाज बलिप्रतिपदेला गायगोधनाच्या वेळी ढाल नाचवितो. त्यामागील भावना याच जातीची आहे.

या वादनाचे प्राचीनत्व सांगताना थोडी सावधगिरी बाळगली पाहिजे. अमरावतीच्या शिल्पांतील वादकांचा दाखला कधीकधी वऱ्हाडच्या संदर्भात दिला जातो. पण तो स्तूप आंध्रातील अमरावतीचा, वऱ्हाडातील नव्हे. वऱ्हाडला जवळचा आणि खात्रीचा पुरावा अजिंठ्याचा आहे. तेथील पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकीभोवती आडव्या बासऱ्या वाजविणाऱ्या स्त्रिया व तालवाद्ये दिसतात. अर्थात ते दरबारी संगीत आहे. गुराख्यांच्या बासरीचे चित्र काढून घेण्यास कोणी आश्रयदाता नव्हता.

आडव्या बासरीचा पूर्वेकडील प्रवास बौद्ध धर्माच्या वाटेने झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. भारतीय भिक्षू बोधिसेन इ. स. ७३६ मध्ये चंपा देशातील एका भिक्षूसमवेत जपानला पोहोचला आणि ७५२ मध्ये नारा येथील तोदाइ-जी मंदिरातील महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी त्याच्या हस्ते झाला. या मंडळींनी नेलेले संगीत पुढे जपानी दरबारी संगीतात, म्हणजे गागाकूत, सामावले गेले, अशी परंपरा आहे. नारा येथील शोसोइन भांडारात त्या काळातील बासऱ्या व डमरूच्या आकाराच्या ढोलांची खोडे आजही जतन केलेली आहेत. जपानी ग्रामोत्सवांतील ढोल (ताइको) आणि बांबूची आडवी बासरी (शिनोबुए) यांची जोडी मात्र त्या भूमीतच, पेरणी-कापणीच्या उत्सवांत वाढली.

याच जोडीचे अलीकडचे रूपांतर मेळघाटच्या संदर्भात उद्‌बोधक आहे. १९५१ मध्ये नागानो प्रांतातील ओगुचि दाइहाचि या जॅझ ढोलवादकाने लहानमोठे ताइको एकत्र मांडून अनेकांनी मिळून वाजवावयाची पद्धत घडविली. तिला कुमि-दाइको म्हणतात. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकच्या निमित्ताने ती दूरवर पोहोचली. पुढे देन तागायासु याने सादो बेटावर तरुणांचा ‘ओंदेकोझा’ हा संघ उभारला. १९७५ मध्ये या संघातील वादक बॉस्टन येथील मॅरेथॉन शर्यत धावले आणि शर्यत संपताच त्यांनी ढोल वाजविले. त्या संघातून बाहेर पडलेल्या कलावंतांच्या ‘कोदो’ या संघाने १९८१ मध्ये बर्लिन येथे पहिला प्रयोग केला व ढोल-बासरीच्या या मेळाला जगभर श्रोते मिळवून दिले. गावाचा उत्सव रंगमंचावर आला, तेव्हा वादकाला कलावंताची प्रतिष्ठा आणि उपजीविका मिळाली. त्याबरोबर तासभर चालणारा, ठरलेल्या क्रमाचा व बसून पाहावयाचा कार्यक्रमही आला. वादन अधिक रेखीव झाले, परंतु उत्सवाची तिथी त्यातून गळाली.

ढोलाच्या कातड्याचा प्रश्न दोन्ही देशांत सारखाच अवघड आहे. जपानमध्ये कातडे कमावून ढोल बनविणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य लेखले गेले. ढोल मंदिरात पूजिला जाई, पण तो बनविणारा गावाबाहेर राही. ओसाका येथील नानिवा या ढोलकारांच्या वस्तीतील तरुणांनी १९८७ मध्ये ‘इकारी’ (क्रोध) या नावाचा ताइको-संघ स्थापन केला, तो हा अन्याय उघड मांडण्यासाठीच. वऱ्हाडात याची वेगळी बाजू दिसते. येथे वाजविणे हेच गावकीचे सक्तीचे काम होते, म्हणून १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गावांतील बौद्धांनी वाजंत्रीचे काम निर्धाराने सोडले. एक कला लोपली म्हणून हळहळणाऱ्यांनी ती कोणत्या अटींवर टिकून होती हेही पाहावयास हवे. मेळघाटात ढोल प्रामुख्याने नाचणाऱ्या समाजाच्या स्वतःच्या हाती राहिला, त्यामुळे तेथे हा पेच तितका तीव्र झाला नाही.

मेळघाटातील पेच निराळा आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड ब्रिटिशांच्या कारभाराखाली गेल्यानंतर येथील जंगले हळूहळू राखीव झाली व चराईवर बंधने आली. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प आणि १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून गाभा क्षेत्रातील गावे उठवून त्यांतील अनेकांचे पुनर्वसन अकोला जिल्ह्यात, अकोट व तेल्हारा तालुक्यांच्या सपाटीवर, करण्यात आले. बोरी, कोहा व कुंड ही त्यांतील आरंभीची गावे होत. वाघांना याचा लाभ झाला, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्यांना जंगलातील गुरे, नाल्याकाठचा बांबू आणि बाजाराचा वार या तिन्हींची संगती लागते, त्यांच्या वाद्यांना सपाटीवरील घरकुलांत जागा सापडणे कठीण होते. जमीन व आरोग्यसेवा यांविषयीची आश्वासने पुरी झाली नाहीत, अशी तक्रार करीत २०१७ मध्ये व पुन्हा २०१९ च्या जानेवारीत पुनर्वसित कुटुंबांतील काही लोक जंगलातील आपल्या जुन्या गावी परत गेले. २०१९ मध्ये केलपाणी परिसरात त्यांचा वनकर्मचारी आणि पोलीस यांच्याशी संघर्ष झाला.

कोरकू नृत्यपथके शासकीय महोत्सवांतून व सांस्कृतिक कार्यक्रमांतून आता शहरांतही दिसतात. तेथे बासरी ध्वनिक्षेपकासमोर वाजते आणि रिंगणाची सरळ रांग होते, कारण प्रेक्षक एकाच बाजूला बसलेले असतात. घाटावर मात्र रिंगण अजून मोडलेले नाही. दिवाळी उलटली की ज्या वारी ज्या गावचा बाजार, त्या वारी तेथे ठाट्यांचे मेळे उतरतात.