सत्यमच्या दोन कागदांमधले तीन आठवडे

सत्यम कॉम्प्युटर्सचे संस्थापक-अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांना समजून घ्यायचे तर दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत: 16 डिसेंबर 2008 च्या संचालक मंडळाच्या बैठकीचे इतिवृत्त आणि कंपनीचे हिशेब फुगवल्याचे राजूंचे 7 जानेवारी 2009 चे कबुलीपत्र.

बैठकीपुढे प्रस्ताव होता राजूंच्या मुलांच्या हाती असलेल्या मेटास इन्फ्रा आणि मेटास प्रॉपर्टीज या कंपन्या सुमारे 160 कोटी डॉलरना घेण्याचा. मंडळात निम्म्याहून अधिक संचालक स्वतंत्र होते आणि प्रश्नही निघाले. सॉफ्टवेअर कंपनीने जमीन-बांधकामात का उतरावे? किंमत कशी ठरली? निर्णय आधीच झाला आहे आणि मंडळ केवळ शिक्का मारते आहे, असे दिसू नये, अशी सूचना एका संचालिकेने केली. तरीही ठराव एकमताने संमत झाला. भागधारकांना विचारलेच नाही. न्यूयॉर्कमध्ये शेअर त्याच दिवशी निम्म्याहून खाली आला आणि काही तासांत व्यवहार मागे घ्यावा लागला.

त्या चर्चेत न निघालेला प्रश्न कबुलीपत्र वाचल्यावर लक्षात येतो. किमतीवर खल झाला. ती चुकवायला पैसा खरोखर आहे का, हे कुणी पाहिले नाही. सप्टेंबरअखेरच्या ताळेबंदात 5,361 कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक होती. त्यातले 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. त्या तिमाहीचा कार्यकारी नफा दाखवला 649 कोटी, खरा होता 61 कोटी. मेटासचा व्यवहार म्हणजे खोट्या मालमत्तेच्या जागी खरी आणण्याचा शेवटचा प्रयत्न, असे राजूंनीच लिहिले आहे.

माझ्या मते पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य मालकीविषयीचे आहे. प्रवर्तकांचा हिस्सा थोडा होता. कामगिरी खालावली तर कंपनी दुसरा कुणी ताब्यात घेईल आणि ताळेबंदातला खड्डा उघडा पडेल, ही भीती होती. मार्च 2001 मध्ये सुमारे 25.6 टक्के असलेला हा हिस्सा मार्च 2008 पर्यंत 8.7 टक्क्यांवर आला होता. मालकी ओसरली, हुकमत मात्र तशीच राहिली. भारतासारख्या बाजारपेठेत प्रवर्तकाचा शब्द मंडळाच्या मताहून जड ठरत आला आहे, याचा इतका स्पष्ट लेखी पुरावा विरळाच.

एका बाबतीत मात्र पत्रावर विसंबता येत नाही. गेल्या आठ वर्षांत थोडे अपवाद सोडता आपण शेअर विकले नाहीत आणि कंपनीतून एक रुपयाही घेतला नाही, असे राजू म्हणतात. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने मात्र 2014 च्या आदेशात राजू आणि इतरांना 1,849 कोटींचा बेकायदा लाभ व्याजासह परत करायला सांगितले. रकमेचा वाद पुढे अपिलात गेला, पण आपण काहीच मिळवले नाही हा दावा आदेशाने नाकारलाच. एप्रिल 2015 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली.

कबुलीपत्रानंतर सरकारने जुने मंडळ बरखास्त केले आणि एप्रिल 2009 मध्ये पुण्याच्या टेक महिंद्राने 58 रुपये प्रतिशेअर दराने कंपनीवर ताबा मिळवला. मेटाससारखा, म्हणजे संबंधित व्यक्तींशी मोठा व्यवहार करायचा तर भागधारकांची संमती हवी, आणि ज्याचा हितसंबंध त्याने त्यावर मत देऊ नये, ही तरतूद कंपनी कायद्यात आली 2013 साली.