अडीच लाखांचे अनुदान

विद्यापीठास पैसा देणाऱ्या सरकारने हिशेब मागावा की नाही, हा प्रश्न आम्हांस अवघड वाटत नाही. मागावा. अनुदानावर चालणाऱ्या शाळेत हयात घालविलेल्या आम्हां शिक्षकांना तपासनिसापुढे दप्तर मांडण्याचा संकोच कधी वाटला नाही. अवघड आहे ते निराळेच : हिशेब कोठे संपतो आणि हुकमत कोठे सुरू होते? या संदर्भात कलकत्ता विद्यापीठातील १९२२ चा प्रसंग आम्हांस विचारात घेण्याजोगा वाटतो.

सर आशुतोष मुखर्जी १९०६ ते १९१४ पर्यंत तेथे कुलगुरू होते. १९२१ मध्ये ते पुन्हा त्या पदावर आले. मुख्यतः परीक्षा घेणाऱ्या त्या संस्थेला त्यांनी अध्यापनाचे व संशोधनाचे पीठ बनविले. तारकनाथ पालित व रासबिहारी घोष या विधिज्ञांच्या देणग्यांतून विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. पालित अध्यासनावर रामन आले. कारमायकेल अध्यासनावर १९१७ मध्ये आपले देवदत्त रामकृष्ण भांडारकर आले. गुणी माणूस कोणत्या प्रांतातला, हे तेथे पाहिले गेले नाही. व्याप वाढला तसा खर्चही वाढला, आणि अखेर अध्यापकांचे पगार थकले.

१९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतातील शिक्षणखाते देशी मंत्र्याच्या हाती आले होते. म्हणजे हा झगडा केवळ परक्या सत्तेशी नव्हता. बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, पण अटींसह. दरमहा जमाखर्च कळवावा, ही एक; आर्थिक घडी बसेपर्यंत खर्चाचा नवा विस्तार करू नये, ही दुसरी. पहिलीत आम्हांस काही वावगे दिसत नाही. दुसरीने मात्र कोणता विषय शिकवावयाचा, याचा निर्णय खजिन्याकडे जात होता. डिसेंबर १९२२ मध्ये सिनेटपुढे बोलताना आशुतोषांनी स्वातंत्र्याला पहिले, दुसरे व अखेरचेही स्थान दिले, आणि सिनेटने अनुदान नाकारले.

येथे एक गोष्ट मनात सलते. आशुतोष उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. पगार थकला होता तो अध्यापकांचा. त्या नकाराची झळ त्यांच्या घरांना लागली, आणि इतिहासात नाव राहिले ते कुलगुरूंचे.

मार्च १९२३ मध्ये गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी सरकारला विरोध न करण्याच्या अटीवर त्यांना पुन्हा कुलगुरुपद देऊ केले. आशुतोषांनी तेही नाकारले. त्यांच्या जागी भूपेंद्रनाथ बसू आले.