गाजर गवत आलं कुठून आणि टिकलं कशावर?



आठ दिवसांमागं वळीव चांगला झाला. आज शुक्रवार पेठेतल्या घरून रानात गेलो, तर बांधालगत गाजर गवताची बारीक रोपं दाट उगवलेली. सगळा उन्हाळा तिथं हिरवं पान नव्हतं. मग हे आलं कुठून?

जुनी माणसं म्हणतात, पीएल-४८० च्या गव्हातून. पण भारत-अमेरिकेचा तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. पुण्यात उकिरड्याच्या जागी हे गवत १९५५ सालीच दिसलं होतं, आणि राव नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी १९५६ साली त्याची नोंद छापली. अमेरिकेचा गहू त्याआधीही, १९५१ च्या कर्जातून, आला होता. त्यामुळं गव्हावरचा संशय पुरता जात नाही, पण सगळा दोष पीएल-४८० वर टाकता येत नाही.

आलं कसंही असो, आपल्या कोरडवाहू मुलखात ते टिकलं बियाच्या जोरावर. बी जेमतेम दोन मिलिमीटरचं. त्याला दोन वांझ फुलं चिकटलेली असतात, त्यामुळं ते हलकं होतं आणि ओढ्याच्या पाण्यावर तरंगत जातं. एका झाडाला हजारोंनी बी. बियाभोवती उगवण रोखणारी द्रव्यं असतात. नुसत्या शिंतोड्यानं ती जात नाहीत, चांगल्या पावसानं धुऊन निघतात. म्हणजे बी जणू पाऊस मोजतं! आपण वापसा बघून पाभर धरतो, तसंच. सगळं बी एकदम उगवतही नाही. खोल गाडलेलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं आणि नांगरटीनं वर आलं की उगवतं. उगवल्यावर पाऊस ताणला, तर रोप पानं जमिनीला चिकटवून बसून राहतं. पाऊस आला की उठतं, आणि महिना-दीड महिन्यात फुलावर.

हे मी उशिरा शिकलो. सहा वर्षांमागं फुलावर आलेलं गवत उपटून खताच्या खड्ड्यात टाकलं. खत नीट कुजलं नव्हतं, तेच ज्वारीच्या रानात विस्कटलं. बांधावरचं गवत मीच हातानं आत पेरलं म्हणायचं. त्या साली खुरपणीचा खर्च दुप्पट झाला आणि मंडळींच्या हाताला, मानेला खाज सुटली. ती अजून अधूनमधून उठते.

मेक्सिकोचा भुंगा १९८४ साली बंगळूरजवळ सोडला, तो आता आपल्याकडंही दिसतो. पानं फस्त करतो. पण कोरड्या दिवसांत तो जमिनीत दडून बसतो आणि पावसानं बाहेर येतो. तोवर बी उगवून पुढं गेलेलं असतं. नुसत्या त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

मी आता एवढंच करतो: पावसानंतर जमीन ओली असताना, फुलाआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटतो. फुलावर आलेलं खड्ड्यात टाकत नाही. बांध, पाट आणि रस्त्याची कड आधी, रान नंतर.

तुमच्याकडं वळवानंतर किती दिवसांत उगवलं, ते जरूर लिहा.