‘कारभारी’ आणि ‘सेवक’ : ख्रिस्ती अधिकारविचार आणि तासगाव

1848 साली पटवर्धनांच्या तासगाव शाखेस वारस न उरल्याने ते संस्थान इंग्रजांनी खालसा केले. पुढे 3 सप्टेंबर 1942 रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर मोर्चा गेला, कचेरीवर तिरंगा चढला आणि मामलेदारास गांधी टोपी घालावी लागली. या दोन घटनांच्या दरम्यानच्या काळात मराठी बायबल या प्रदेशात रुजले. बंगालमधील सेरामपूर येथे नवा करार 1811 साली मराठीत छापला गेला होता. मुंबईच्या अमेरिकन मिशनचा 1826 साली निघाला. वाइल्डर 1852 मध्ये कोल्हापुरास आले आणि वान्लेस यांचे मिरजेचे रुग्णालय 1894 साली उभे राहिले. मोर्चेकऱ्यांचा आधार बायबल नव्हता, हे आरंभीच सांगितलेले बरे. सत्तेच्या समर्थनाचा ख्रिस्ती विचार मराठीत कोणत्या शब्दांच्या वाटेने आला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय हे या विचाराचे सर्वांत वादग्रस्त स्थळ होय. प्रत्येकाने वरिष्ठ सत्तेच्या अधीन असावे, कारण ती देवाकडून आहे, असा त्याचा आशय. येथील ग्रीक शब्द ‘एक्सूसिया’. ‘मोकळीक असणे, परवानगी असणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचे नाते आहे. म्हणजे मिळालेली मुभा. मराठीत त्यासाठी ‘अधिकार’ हा शब्द रूढ झाला. संस्कृत शास्त्रग्रंथांत अधिकार म्हणजे मुख्यतः पात्रता. पण एकोणिसाव्या शतकातील मराठीत ‘अधिकारी’ म्हणताच डोळ्यांपुढे कलेक्टर व मामलेदार उभे राहत. त्यामुळे पौलाचे विधान मराठी वाचकाला सरळ कचेरीच्या दारात नेऊन सोडते, असे मला वाटते.

याहून अर्थपूर्ण निवड ‘कारभारी’ या शब्दाची आहे. लूकच्या सोळाव्या अध्यायात मालमत्ता उधळल्याचा आरोप आलेला एक कारभारी आहे. धनी हिशेब मागतो. हा गृहस्थ धन्याच्या ऋणकोंना बोलावून खतांवरील आकडे उतरवितो, तेलाचे शंभर माप ते पन्नास, गव्हाचे शंभर ते ऐंशी. कुळकर्ण्याच्या दप्तराशी परिचय असलेल्या वाचकाला या कथेवर टीपेची गरज नव्हती. ‘कार्यभार’ या मूळ शब्दातील भार ‘कारभार’ या शब्दात शिल्लक आहे. (या भागातील बायको नवऱ्यास ‘कारभारी’ म्हणते, तेव्हाही त्या हाकेत थोडा हिशेब असतोच.) पटवर्धनांचा सरंजामही तत्त्वतः असाच होता : महसूल मिळे तो स्वारांची ठराविक फौज बाळगण्याच्या अटीवर, आणि तिचा जाब पुण्यास द्यावयाचा. रयतेस मात्र नव्हे. सरंजामी कल्पनेची उणीव नेमकी येथे आहे, आणि केवळ लूकच्या कथेवर विसंबणाऱ्या ख्रिस्ती विचाराचीही. हिशेब वर जातो. खाली येत नाही.

ती उणीव भरून काढणारा शब्द ‘दियाकोनोस’, म्हणजे सेवक. मार्कच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना बजावतो की, परराष्ट्रीयांचे सत्ताधीश लोकांवर धनीपणा गाजवितात. तुमच्यात ज्याला मोठे व्हावयाचे असेल त्याने सेवक व्हावे. लक्षणीय गोष्ट ही की, त्या तेराव्या अध्यायात पौलही राज्यकर्त्यास हाच शब्द लावतो : लोकांच्या हितासाठी नेमलेला देवाचा सेवक. अधीनतेचे वाक्य तेवढे उचलून हा शब्द गाळला की कोणत्याही राजवटीचे समर्थन करता येते. दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीच्या बाजूने या अध्यायाचा जो वापर झाला, त्यावर तेथील ख्रिस्ती विचारवंतांनी 1985 च्या ‘कैरोस’ निवेदनात कठोर टीका केली. शिवाय प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र व इतर प्रेषित न्यायसभेस सांगतात की, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. म्हणजे अवज्ञेलाही त्याच ग्रंथात जागा आहे.

आता पुन्हा तासगावची कचेरी. 1860 च्या भारतीय दंडसंहितेने सरकारी अधिकाऱ्यास इंग्रजीत ‘लोकांचा नोकर’ म्हटले होते. मराठी कायद्याच्या भाषेत तो ‘लोकसेवक’ झाला. बोलण्यात मात्र मामलेदार ‘रावसाहेब’ आणि कचेरी ‘सरकार’ होती. 1942 च्या मोर्चाने त्या रावसाहेबांच्या डोक्यावर टोपी घातली, ती सेवकाची म्हणून की नव्या धन्याची म्हणून, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारण्याचे कारण नव्हते.