बशीवरच्या आगबोटी

मैत्रिणींनो, चिनी मातीची बशी हातात आली की आपला पहिला प्रश्न ठरलेला: बोन चायना तर नाही ना? जिच्यात जवळजवळ निम्मी जनावरांच्या हाडांची राख, ती वस्तू घरात कशी आणायची? पण अमेरिकेतले संग्राहक ज्या दोनशे वर्षांपूर्वीच्या गडद निळ्या बश्या जमवतात, त्यांत हाड नाही. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या कारखान्यांत त्या घडल्या. मुख्यतः पांढरी माती आणि भाजून दळलेली गारगोटी. उजेडासमोर धरली की बोन चायनातून पलीकडच्या बोटांची सावली दिसते, हिच्यातून दिसत नाही. (तरी जेवायला नकोच, जुन्या झिलईत शिसं असतं.)

तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, कोबाल्टची शाई भरायची, पातळ कागदावर ठसा घेऊन तो भाजलेल्या बशीवर घासून चिकटवायचा. कागद धुऊन काढला की चित्र उरतं, मग झिलई आणि पुन्हा भट्टी. ठसा चिकटवायचं काम बहुतेक बायकाच करत. काठावर कागदाचा सांधा नीट जुळला नसेल तर तो आजही दिसतो.

मला ओढ लागली ती यांतल्या आगबोटींच्या बश्यांची. 1807 मध्ये रॉबर्ट फुल्टनची आगबोट न्यूयॉर्कहून ऑल्बनीला 32 तासांत पोहोचली. फुल्टन आणि त्याचा भागीदार चॅन्सेलर लिव्हिंग्स्टन यांच्याकडे न्यूयॉर्क राज्यातल्या आगबोटींचा मक्ता होता. दुसऱ्या कुणी बोट घातली की खटला! मार्च 1824 मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी तो मक्ता मोडला. वाणिज्य शाखेच्या मुलीला याहून रंगतदार इतिहास कुठला?

त्याच वर्षी 16 ऑगस्टला फ्रान्सचे लाफाएत न्यूयॉर्कला उतरले, तेही ‘चॅन्सेलर लिव्हिंग्स्टन’ नावाच्या आगबोटीतून. क्ल्यूज बंधूंनी तो सोहळा बश्यांवर छापला. लवकरच ट्रॉय गावच्या मंडळींनी हडसन नदीत नवी बोट आणली. नाव काय? ‘चीफ जस्टिस मार्शल’! बर्स्लेमच्या इनॉक वुड यांनी तीही छापली.

मक्तेदाराच्या नावाची बोट असो की मक्ता मोडणाऱ्याच्या, इंग्रज कुंभाराला विक्रीशी मतलब. याच अमेरिकेशी इंग्रजांचं युद्ध 1815 मध्ये संपलं होतं, आणि दहा वर्षांत तिच्याच कौतुकाची चित्रं जहाजं भरभरून तिकडे जात होती. मार्शल बोटीच्या बशीला काठाने समुद्री शिंपल्यांची नक्षी आहे, बोट मात्र नदीतली.